सहा मिनिटं अकरा सेकंद

फॉर्मच्या शेवटी रकाना: शिबिरातील उपलब्धी.
जागा दीड ओळ.
मी पेनाचं टोपण चावत बसलेय,
वर पत्र्याचा शेड,
शेडवर सोनेगावची दुपार, शेहेचाळीस अंश.

प्रणीत उईकेनं कधीच लिहून टाकलं:
नेमबाजी, पाच गोळ्या, रुपयाएवढ्या गोलात.
खरं आहे, कार्ड मी बघितलंय.
माझ्या पाचातल्या तीन
मातीच्या बांधालाच ठाऊक.

रागिणी नंदनवारनं लिहिलं:
मायक्रोलाइट, दहा मिनिटं.
वरून नागपूर कसं दिसतं, विचारलं तर म्हणाली,
"कूलरच कूलर दिसून राह्यले बे,
गच्च्या कुठी आहेत तेच समजत नाही."

माझा नंबर दहावा होता.
नववा उतरला, आणि खांबावरची वाऱ्याची पिशवी
ताठ आडवी झाली.
उद्या, म्हणाले.
त्या उद्याला वावटळ होती,
परवाला इंजिनाचं काहीतरी.
मग शिबिरच संपत आलं.

ड्रिलमध्ये माझा उजवा पाय उजव्याच हाताला घेऊन निघायचा.
इंदोऱ्याहून पहाटे सायकल, चालकाच्या मागे
बाबांनी बांधून दिलेली पाण्याची बाटली,
आणि खिशात, न विचारता, कांदा.
तपासणीत सार्जंट मोहंतींचं बोट तिथेच थांबलं.
हे काय?
कांदा, सर. ऊन लागत नाही.
अख्खी रांग ओठ दाबून उभी.
त्यांनी तो काढला, वास घेतला,
परत ठेवला,
आणि खिशाचं बटण स्वतः लावलं.
दुसऱ्या दिवशी त्यांचाही खिसा फुगलेला होता.
कोणी काही बोललं नाही.

आता राहिलं ते एवढंच.

बाल्साचं लाकूड नखानंही दुखावतं.
माझं पहिलं ग्लायडर नाकावर पडलं,
दुसरं कडुनिंबात गेलं, अजून तिथेच असेल.
तिसऱ्यावर मी स्वतःच बसले.
चौथ्याच्या पंखाला कागद चिकटवताना
कूलर बंद करून घेतला होता,
आई दाराशी पदरानं वारा घेत म्हणाली,
"इमान बनवून राह्यली का आमाले भाजून राह्यली?"

साडेदहाची वेळ. सगळे सावलीत.
सार्जंटनी वर बोट दाखवलं:
घार.
पंख न हलवता जिथे ती चढते ना, तिथे सोड.
उत्कर्ष बनते दोरी घेऊन पळाला,
त्याच्या बुटांखालची धूळसुद्धा तापलेली.
कडी सुटली.

शेपटीशी एक वात असते,
जळत जळत ती शेपूट उचलते आणि विमान खाली आणते.
ती मी पेटवायला विसरले होते.

एक मिनिट. दीड.
आता उतरेल, कोणीतरी म्हणालं.
ते वळलं, घारीच्या खालून,
मग घारीच्या बरोबरीनं,
मग घार कंटाळून निघून गेली.
ज्या उन्हाला महिनाभर शिव्या घातल्या
ते तळहातासारखं त्याच्या खाली होतं,
आणि वर सरकत होतं.
एकोणतीस पोट्टे-पोट्ट्या कपाळावर हात धरून,
सलामीत कधी नव्हतो इतके एकसारखे.

पंख. मग रेघ. मग
आहे का? आहे. तिकडे. नाही, तिकडे.
नजर हरली की घड्याळ थांबवायचं, हा नियम.
सार्जंटनी सगळ्यात उशिरा थांबवलं.

उत्कर्ष खापरीपर्यंत शोधून आला.
एका म्हातारबाबांनी त्याला पाणी पाजलं
आणि विचारलं, "कितीचं होतं?"

दीड ओळ.
कशाला उपलब्धी म्हणू?
विसरलेल्या वातीला?
मी पान उलटलं.
मागच्या बाजूला आणखी एक रकाना:
हरवलेलं साहित्य, कारणासह.

तिथे जागा पुष्कळ होती.